सावेतामावशीच्या मरणाची तालीम

पोयाना, ९ ऑक्टोबर

प्रिय डोम्निकाताई,

परदेशाहून परतलेल्या नेकुलाईच्या गाडीतून तुझं खोकं आलं. कॉफी, साबण, मावशीचा स्वेटर, सगळं धड पोचलं. स्वेटर तिने अंगाला लावून बघितला, घडी घातली आणि पेटीत ठेवला. कुठल्या पेटीत ते तुला सांगायला नको. मी म्हटलं, "मावशी, तो थंडीसाठी पाठवलाय." तर म्हणे, "खाली मातीत काय ऊन पडणार आहे?"

आता माझी बातमी. हसू नकोस. मी या वयात नर्सिंगला नाव घातलंय. दुकान बंद पडलं, नवरा गेला तो परत काही येत नाही, आणि भिंतींशी किती बोलणार? या शाळेत तीन आठवडे घरी बसून फोनवर शिकायचं आणि चौथ्या आठवड्यात शहरातल्या इस्पितळात जाऊन हाताने करायचं. पण आपल्या वस्तीत फोनला रेंज कुठली? ती मिळते फक्त वर, देवळामागच्या दफनभूमीत. म्हणून मी रोज सकाळी शाल घेऊन तुझ्या बाबांच्या कबरीशेजारच्या बाकावर बसते. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या कोर्ब्यानूबाईंनी विचारलं, "तुदोरा, तुमच्या मागे ते क्रूस कसले?" मी म्हटलं, "बाई, हे सगळे शेजारी." वर्ग हसला. नंतर मला आपलं उगीच रडू आलं.

बाई शहरातून सांगणार आणि आम्ही इथे करणार. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार. घरी एका माणसावर सराव करून त्याचा व्हिडिओ पाठवायचा असतो. बाकीच्यांकडे नवरे आहेत, सासवा आहेत. मी मावशीला विचारलं, ती लगेच तयार झाली. आता मी ब्लडप्रेशर घ्यायला जाते तेव्हा ती नवा रुमाल बांधून, हात बाहेर काढून बसलेली असते. काल पट्टा फुगवत होते तेव्हा तिने विचारलं, "डोम्निका कधी येणार ते दिसतं का गं या यंत्रात?"

काय सांगू तिला?

तुझी,
तुदोरा


पादोवा, १९ ऑक्टोबर

प्रिय तुदोरा,

तू नर्स होणार हे वाचून बरं वाटलं. मी गेली सहा वर्षं तेच करतेय, फक्त कागद नाही हातात.

आईला सांग, ईस्टरला येते. मागच्या ईस्टरलाही हेच सांगितलं होतं, ठाऊक आहे मला. पण मी सांभाळते त्या म्हातारीला, सिन्योरा ओर्नेल्लाला, सोडून निघायचं कसं? तिचा मुलगा रेन्झो माणूस वाईट नाही. तो आवाजसुद्धा चढवत नाही. फक्त म्हणतो, "तू गेलीस तर मला दुसरी बाई बघावी लागेल, आणि मग ती गेली नाही तर?" पहिल्याच दिवशी त्याने सांगून ठेवलंय, रजा मिळेल ती घरात मयत झालं तरच.

दिवसभरात मी तीन वाक्यं बोलते. उठा. तोंड उघडा. झोपा. रविवारी दुपारी बागेत आपल्याकडच्या बायका जमतात, पण तिथेही सगळ्या आपापल्या म्हाताऱ्यांच्या तक्रारी सांगतात, ऐकत कुणी नाही. वर बाबांपाशी गेली की तिथून फोनवर आई दोन शब्द बोलते, "जेवलीस? अंगात घाल," आणि तुला खर्च नको म्हणून फोन ठेवते. म्हणून तू सविस्तर लिहीत जा. ती बोलते तसंच्या तसं लिही.

डोम्निका


पोयाना, ६ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तसंच्या तसं लिहिते, मग रागवू नकोस.

या महिन्याचा धडा आहे, मेलेल्या माणसाची शेवटची सेवा. अंग पुसायचं, डोळे मिटायचे, हनुवटी बांधायची, कपडे घालायचे. त्याचाही व्हिडिओ. आता या गावात मेलेला व्हायला कोण तयार होणार? शेजारच्या मारांदाला विचारलं तर ती तीन वेळा थुंकली आणि दार लावून घेतलं. पाद्रीबुवांची बायको म्हणाली, मृत्यूला घरी बोलवू नये, तो वाट विसरत नाही.

मावशीला मी विचारणारच नव्हते. तिनेच कुठून तरी ऐकलं आणि काठी टेकत माझ्या दारात आली. म्हणाली, "मला विचारायचं सोडून गावभर हिंडतेस होय गं? सगळ्यांत जवळ मीच आहे." मी म्हटलं, "मावशी, अपशकुन." ती म्हणाली, "नंतर तूच करणार आहेस ना सगळं? डोम्निका काही वेळेवर पोचणार नाही. मग मला एकदा बघू तरी दे, कसं करतेस ते. आवडलं नाही तर आत्ताच सांगता येईल."

हे वाक्य लिहू की नको, असं तीन दिवस चाललं होतं. लिहिलं.

तिने पेटी उघडली. कोरा सदरा, भरतकामाचं जाकीट, पायमोजे, मेणबत्ती, सगळं इस्त्री केल्यासारखं. वर तुझा स्वेटर. फक्त बूट चढेनात. आठ वर्षांपूर्वी घेतलेले, तेव्हा सैल होते म्हणते. मी घोट्याजवळ बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. यावर आमचा आधीच एक धडा झालाय. पण तिने मला शपथ घातली आहे, म्हणून मी तुला काही लिहीत नाही. एवढंच लिहिते की बूट मोठे पाठव, काळे, मऊ चामड्याचे. आणि जमलं तर ईस्टरची वाट बघू नकोस.

तुदोरा


पादोवा, १६ नोव्हेंबर

तुदोरे,

बूट पाठवतेय. मऊ आहेत, आत लोकर आहे. दुकानातल्या पोरीने विचारलं, "कुणासाठी?" मी म्हटलं, "आईसाठी, मेल्यावर घालायला." ती हसली, तिला वाटलं मला भाषा येत नाही.

काय तुमचे खेळ चाललेत दोघींचे? आईला सांग, म्हातारपणी पाय पसरतात, इथल्या सिन्योराचेही पसरलेत. आणि मेल्यावर बूट कुणाला टोचतात? मिठाचं लोणचं कमी खा म्हणावं.

ते "वेळेवर पोचणार नाही" वाचलं. पण ती तशीच आहे, मला बोलावायचं म्हणून वाट्टेल ते बोलते. मागे गाय मेली म्हणून कळवलं होतं, आठवतंय? गाय नंतर चार वर्षं दूध देत होती.

ईस्टरला नक्की येते.

डोम्निका


पोयाना, २७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

हे पत्र नेकुलाईच्या हातात स्वतः देणार आहे. तुझ्या कानावर भलतंसलतं गेलं असेल, म्हणून आधीच सांगते, मावशी ठणठणीत आहे. आत्ता माझ्या शेजारी बसून सूप पितेय आणि मीठ कमी म्हणून मला शिव्या घालतेय.

झालं असं. मंगळवारी आम्ही व्हिडिओ करायला बसलो. फोन कपाटावर उभा केला. मावशीला सगळे कपडे घातले, तुझे नवे बूट घातले. बूट बघून ती इतकी खूष झाली की मेलेलं राहवेना, "थांब, जरा चालून बघते," म्हणाली. परत झोपवलं. मी हनुवटीला पांढरी पट्टी बांधायला घेतली तर ती दातांतून म्हणते, "मेणबत्ती." मी म्हटलं, "मावशी, शाळेच्या पद्धतीत मेणबत्ती नाही." "मग मी नाही मरत. मेणबत्तीशिवाय खोटंखोटंसुद्धा मरणार नाही मी." लावली. हातात दिली. मग मयताच्या घरी झाकतात तसा आरसा झाकायला लावला. शेवटी एकदाची गप्प पडली, आणि खरं सांगते ताई, तिच्याकडे बघवेना. मी मनातल्या मनात पायऱ्या म्हणत राहिले, आधी डोळे, मग तोंड.

तेवढ्यात मारांदा चाळण परत द्यायला आली. तिने खिडकीतून बघितलं. कोरे कपडे, मेणबत्ती, झाकलेला आरसा आणि मी हनुवटी बांधतेय. आत येऊन विचारावं ना? ती तशीच देवळाकडे पळाली. माझं काम चालूच. कपाळ पुसतेय, आणि वरून घंटा सुरू झाली. मयताची घंटा, थांबून थांबून वाजवतात ती. मावशीने डोळे उघडले, फोनकडे बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं गं?"

मी हसत सुटले. पट्टी सुटली, मेणबत्ती विझली. अर्ध्या तासात अंगणात गाव जमा. मावशी कोऱ्या कपड्यांत दारात उभी, आणि बायकांनी मयतासाठी आणलेले पाव परत न्यायचे की इथेच ठेवायचे यावर भांडण. ती म्हणाली, "ठेवा, नाहीतरी माझेच आहेत."

कोर्ब्यानूबाईंनी व्हिडिओ नापास केला. शेरा असा: "मृत व्यक्ती प्रश्न विचारत नाही. पुन्हा करा."

मारांदाची मुलगी तुमच्याच शहरात आहे ना? तिला आईने फोन केला असेल या भीतीने मी काल वर जाऊन तुला लावत होते, तुझा फोन बंद. म्हणून हे पत्र. नेकुलाईची गाडी फाट्यावर येईल आता.

तुदोरा


पादोवा, १२ डिसेंबर

प्रिय तुदोरा,

तुझं पत्र मी पोस्टात नाही, तुझ्या हातातच बघितलं. मारांदाच्या मुलीने बातमी दिली तशी निघून मी फाट्यावर नेकुलाईच्या गाडीतून उतरले, काळ्या कपड्यांत, दोन दिवस न झोपलेली. समोर तू लिफाफा घेऊन उभी. तुझं तोंड बघून मला वाटलं, पुरूनही टाकलं. आणि तू एक शब्द न बोलता पत्र माझ्या हातात दिलंस. बर्फात उभ्या उभ्या वाचलं मी. तुला थोबाडीत मारली त्याबद्दल अजून माफी मागितली नाही. आता मागते.

आईने फाटकातूनच माझा काळा रुमाल बघितला आणि विचारलं, "काय गं, तुझी म्हातारी गेली वाटतं?" जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, हिची तर मेल्यावरही गेली नाही.

ते चार दिवस मी कुणाला देणार नाही. तिने मला मक्याचा घाटा करून घातला, रात्री माझ्या पाठीशी पाठ लावून झोपली. पण मी तिचे पाय बघितले, तुदोरा. मी हे काम करते, मला कळतं. तू लिहिलं होतंस आणि मी लोणच्यावर ढकललं. डॉक्टरने हृदयासाठी दिलेल्या गोळ्या चुकवू देऊ नकोस.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगते. परत आले तेव्हा रेन्झो दारात उभा होता, फुलं घेऊन. सिन्योराने माझे दोन्ही हात धरले आणि रडली; ती स्वतःच्या मुलालाही ओळखत नाही, पण तिला कुणीतरी सांगितलं होतं. रेन्झोने विचारलं, "सगळं नीट पार पडलं?" मी म्हणणार होते की आई जिवंत आहे, चूक झाली. पण त्याने रजा मयतासाठी दिली होती. जाऊन-येऊन आठ दिवस त्याने स्वतःच त्याच्या आईचं सगळं केलं होतं. त्याला वाटलं असतं, ही बाई आईच्या मरणाचं खोटं सांगून सुट्टीवर जाऊन आली. उद्याच्या उद्या दुसरी आली असती.

मी म्हटलं, "हो. नीट झालं."

तर आता मी इथे काळे कपडे घालून हिंडते. खाटीक मला मान देतो. शेजारीण सूप पाठवते. आणि माझी आई तिकडे बसून मीठ कमी म्हणून ओरडतेय. सहा वर्षांत लोक माझ्याशी जेवढं बोलले नव्हते तेवढं या आठ-दहा दिवसांत बोलले. रात्री काळा रुमाल काढून ठेवते तेव्हा वाटतं, मीच तिला पुरून आले.

हे तिला वाचून दाखवू नकोस.

डोम्निका


पोयाना, २० जानेवारी

प्रिय ताई,

नाही दाखवलं. पण काय करून बसलीस हे? असं तोंडातून काढू नये. मावशी रोज म्हणते, "ईस्टरला पुन्हा येणार ती, म्हणाली आहे." आता कुठल्या तोंडाने मागशील रजा?

गोळ्या देते, वजन बघते. ती नवे बूट घरातच घालते. मी म्हटलं, "मावशी, ते पेटीतले." म्हणाली, "ऊब आहे त्यात. तिथे गेल्यावर कोण बघतंय?" पेटीतला स्वेटरही काढलाय. तू येऊन गेल्यापासून तिची मरायची घाई गेली, एवढं मात्र झालं.

मी शहरात जाऊन तो धडा इस्पितळातल्या बाहुलीवर केला. पास. बाहुली काही मागत नाही, काही विचारत नाही. सगळ्या पायऱ्या बिनचूक झाल्या आणि परत येताना बसमध्ये मला इतकं एकटं वाटलं की मी सरळ मावशीकडे जाऊन तिचं ब्लडप्रेशर घेतलं. गरज नव्हती.

तुदोरा


पोयाना, ५ मार्च

डोम्निकाताई,

फोनवर तू नीट ऐकलं नसशील, म्हणून लिहिते.

मावशी सोमवारी दुपारी गेली. शेगडीजवळ बसली होती, पायात तुझे बूट. धाप वाढली तशी मी तिला उशीला टेकवलं. इस्पितळाची गाडी बोलवायला वर धावत गेले असते, पण तिने माझं मनगट धरलं आणि डोळ्यांनी मेणबत्ती दाखवली. मी लावली. मेणबत्तीशिवाय गेली नाही, एवढं तुला कळावं.

मी सगळं केलं. शाळेत शिकवलं तसं आणि तिने शिकवलं तसं. हनुवटीची पट्टी बांधताना मी वाट बघत होते, आता काहीतरी बोलेल. या वेळी मारांदा खिडकीतून बघून पळाली नाही. आत आली, मावशीच्या नाकाशी हात धरला, तरी मला विचारलं, "नक्की ना?" घंटावाल्यानेही येऊन बघितल्याशिवाय दोरीला हात लावला नाही. गावाने शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही तिच्यावर.

मग मी वर दफनभूमीत गेले आणि तुला फोन लावला. मी म्हटलं, "ताई, मावशी गेली. या वेळी खरंच." तुझ्या मागे लोक हसत होते, कुणी गात होतं. तू त्यांच्या भाषेत "बरं, बरं" म्हणालीस आणि फोन बंद केलास. मी तिथेच बाकावर बसून राहिले. पुन्हा लावशील म्हणून अंधार पडेपर्यंत बसले.

बुधवारी तुझ्या बाबांच्या शेजारी ठेवलं. आता मी धड्याला बसते तेव्हा ती माझ्या डावीकडे असते.

सोबत छोटी चिप आहे. त्यात तो नापास झालेला व्हिडिओ आहे. माझ्याकडे ठेववत नाही, आणि पुसून टाकायचाही धीर होत नाही. तुझी आई आहे, तू बघ काय करायचं ते.

तुदोरा


पादोवा, ईस्टरचा सोमवार

माझ्या तुदोरे,

तुला राग यायलाच हवा. पण ऐक.

त्या दिवशी सिन्योराचा वाढदिवस होता. सगळं घर जमलं होतं. सकाळीच रेन्झोने मला एक पिवळा ब्लाउज दिला आणि म्हणाला, "पुरे झालं काळं. तुझ्या आईला आवडलं नसतं." सगळे बघत होते, मी घातला. केक कापायला सुरी हातात घेतली आणि तुझा फोन आला. तू सांगितलंस. रेन्झो समोर उभा. त्याने विचारलं, "घरून? सगळं ठीक?" मी म्हटलं, "हो, सगळं ठीक." मग मी केक कापला. सगळ्यांना सारखे तुकडे दिले, सिन्योराला चमच्याने भरवला. पिवळा ब्लाउज घालून.

कुणाला सांगणार होते मी? माझं सांत्वन डिसेंबरातच उरकलं होतं. फुलं आली, सूप आलं, खाटकाने टोपी काढली, सगळं झालं. आई दोनदा मरत नाही. रजा तर मागण्यासारखी नव्हतीच, रडण्यासारखंही काही शिल्लक नव्हतं. रविवारी बागेतल्या बायकांत गेले तर मारांदाच्या मुलीने "ऐकलं गं" म्हणून हात धरला आणि लगेच हसली, "पण नक्की ना या वेळी?" मी उठून आले.

शेवटपर्यंत ती तुझ्याजवळ होती, याचं मला बरंही वाटतं आणि तुझा हेवाही वाटतो. दोन्ही खरं आहे. तू शिकून हो नर्स. तुझा हात तिला आवडला असणार, नाहीतर तिने उठून सांगितलं असतं.

चिप मिळाली. सिन्योरा दुपारी झोपते तेव्हा मी स्वयंपाकघराचं दार लावून बघते. तू कपाळ पुसतेस, ती दातांतून मेणबत्ती मागते, मग बराच वेळ गप्प पडून राहते. त्यात बूट छान दिसतात. मग घंटा वाजायला लागते. आई डोळे उघडते, सरळ माझ्याकडे बघते आणि विचारते, "कोण गेलं गं?" तू हसत सुटतेस, तिला उत्तर कुणी देत नाही. तिथे मी व्हिडिओ थांबवते आणि सांगते.

पहिले काही दिवस आवाज फुटला नाही. आता जमतं. आई गेल्याचं ज्याला सांगता येईल असं माझं इथे तेवढं एकच माणूस आहे.

तुझी ताई,
डोम्निका